यांगत्सेतून बोटीने: चोंगचिंग ते यिचांग, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गेल्या नोव्हेंबरात संध्याकाळी साडेसहाला चोंगचिंगच्या चाओतिआनमेन धक्क्यावर आम्ही तिघं उभे होतो. मी, नवरा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. सोबत चार बॅगा. समोर कुलूप घातलेलं फाटक, खाली काळोखात नदी, आणि बोटीचा पत्ता नाही. बोट होती, पण दुसऱ्याच धक्क्यावर. धक्का बदलल्याचा निरोप दुपारी मोबाइलवर आला होता. तो चिनीत होता, म्हणून आम्ही जाहिरात समजून सरकवून टाकला होता.

बोट शेवटी मिळाली. पुढचे तीन दिवस इतके निवांत गेले की सासूबाईंनी आणलेली जपमाळ आणि मी आणलेली कादंबरी दोन्ही बॅगेतच राहिली. एकदा बोटीवर पाय ठेवला की गोंधळायला फारसं काही उरत नाही. सगळा घोळ चढण्याआधी आणि उतरल्यावर होतो. म्हणून खाली निसर्गवर्णन कमी, आणि धक्के, कागद नि जेवण यांच्याबद्दलच जास्त लिहिलंय.

१. नदीचा कोणता तुकडा, ते आधी नक्की करा

यांगत्सेची लांबी सुमारे ६,३०० किलोमीटर. चिनी लोक तिला छांगच्यांग म्हणतात, म्हणजे लांब नदी. शांघायला बोटीत बसायचं आणि थेट चोंगचिंगला उतरायचं, असा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. त्या नियमित प्रवासी बोटी केव्हाच बंद पडल्या, आपली मुंबई-गोवा आगबोट बंद पडली तशाच. रेल्वे आणि रस्ते आल्यावर नदीने जायला कुणाला वेळ होता?

आज प्रवासी बोटी मुख्यतः धावतात त्या चोंगचिंग ते यिचांग या साधारण साडेसहाशे किलोमीटरच्या टप्प्यात. प्रसिद्ध तीन घळी इथेच आहेत: छूथांग, वू आणि शीलिंग. चिनीत तिघींना मिळून सानशिया म्हणतात. हा एक शब्द पाठ करा. टॅक्सीवाल्यापासून हॉटेलच्या काउंटरपर्यंत तो सगळीकडे कामाला येतो.

वेळ फारच कमी असेल तर यिचांगहून एका दिवसाची बोटफेरी मिळते. तिला चिनीत 'दोन धरणं, एक घळ' अशा अर्थाचं नाव आहे. खालचं गजौबा धरण, वरचं सानशिया धरण आणि मधला शीलिंग घळीचा भाग त्यात पाहून होतो. पण ही सहल झाली, प्रवास नव्हे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा तेही वुहान, यिचांग, चोंगचिंग असेच वर सरकले होते. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तेव्हा त्यांना कुणी धक्का चुकवला नसेल."

२. प्रवाहाबरोबर की प्रवाहाविरुद्ध?

चोंगचिंगहून यिचांगकडे म्हणजे प्रवाहाबरोबर. हा प्रवास सहसा ३ रात्रींचा असतो. उलट, यिचांगहून वर चोंगचिंगकडे साधारण ४ रात्री लागतात. बोट तीच आणि थांबेही बहुतेक तेच, फक्त वेग कमी.

पहिल्यांदा जात असाल तर खाली जाणारी बोट घ्या. चोंगचिंगला मोठा विमानतळ आहे, शहर स्वतः दोन दिवस बघण्यासारखं आहे, आणि बोट सुटते ती रात्रीच्या झगमगाटात. शिवाय घळी प्रवासाच्या उत्तरार्धात येतात, तोवर तुम्ही बोटीला सरावलेले असता. वर जाणाऱ्या बोटी बऱ्याचदा स्वस्त असतात आणि त्यात एक रात्र जास्त मिळते. ज्यांना काही न करता बसून राहणं जमतं, त्यांनी त्या घ्याव्यात.

३. महिना निवडताना पाण्याचाही विचार करा

एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस बरे. चोंगचिंगला 'भट्टी' म्हणतात ते उगाच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा दमट. नागपूरचा उन्हाळा आणि मुंबईची घामट हवा एकत्र केली की झालं. हिवाळ्यात धुकं फार. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून वू घळीच्या उतारांवर पानं लाल होतात, ती बघायला चिनी पर्यटकही खास येतात.

दोन आठवडे मात्र टाळाच: १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आणि १ मेच्या आसपासचा. तेव्हा सगळा चीन एकदम घराबाहेर पडतो.

पाण्याचं गणित बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सानशिया धरणाची भरलेली पातळी १७५ मीटर. पावसाळी पूर सामावून घ्यायला जागा हवी म्हणून जूनच्या सुमारास ती १४५ मीटरपर्यंत उतरवतात आणि शरदात पुन्हा भरतात. हा ३० मीटरचा, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा फरक. पाणी खाली असलं की धक्क्यावरून बोटीपर्यंतच्या पायऱ्या वाढतात, कधी बोट लागायची जागाच बदलते. गुडघेदुखी असलेलं कुणी सोबत असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर निवडा. ऐन पुरात, जुलै-ऑगस्टमध्ये, धरणातून विसर्ग वाढला की जलवाहतूक थांबवतात. तेव्हा बोट मध्येच थांबवून पुढे बसने नेण्याची वेळ येऊ शकते.

४. कागदपत्रं

एकच फाइल करा, छापील. मोबाइलची बॅटरी धक्क्यावरच संपते.

- पासपोर्ट: किमान ६ महिने वैध, कोरी पानं शिल्लक असलेला
- चीनचा पर्यटक व्हिसा (एल प्रकार). मुंबईत अर्ज केंद्र आहे
- येण्या-जाण्याची विमान तिकिटं
- प्रत्येक रात्रीचं हॉटेल आरक्षण आणि बोटीचं नावानिशी पुष्टिपत्र
- बँकेचं स्टेटमेंट, फोटो, ऑनलाइन भरलेल्या अर्जाची छापील प्रत
- पासपोर्ट आणि व्हिसाच्या दोन-दोन झेरॉक्स
- बोट, धक्का आणि हॉटेल यांची नावं-पत्ते चिनी अक्षरांत, मोठ्या टायपात छापलेले
- प्रवास विमा, नेहमीची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी

आता यातले खड्डे.

पहिला खड्डा: 'चीनमध्ये २४० तास व्हिसाशिवाय राहता येतं' हे व्हिडिओत ऐकून निघू नका. ती सवलत ठरावीक देशांच्या पासपोर्टला आहे, आणि भारत त्या यादीत नाही.

दुसरा: हाँगकाँगमार्गे जात असाल आणि दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर बॅगा घेऊन परत चेक-इन करायला हाँगकाँगमध्ये शिरावं लागू शकतं. त्यासाठी भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी लागते. ती फुकट आहे, पण विमानतळावर पोचल्यावर आठवून उपयोग नाही. एकाच तिकिटावर, बाहेर न पडता विमान बदलणार असाल तर तिची गरज नाही.

तिसरा खास आपला: नाव. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. बोट आणि रेल्वे, दोन्हींची तिकिटं पासपोर्ट क्रमांकावर, खऱ्या नावाने निघतात. एकीकडे पूर्ण नाव आणि दुसरीकडे अर्धं, असं करू नका. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनाच्या दोन ओळींत जसं आहे तसंच सगळीकडे भरा.

चौथा: व्हिसाच्या अर्जात बोटीवरच्या रात्री कोऱ्या सोडू नका. तिथे बोटीचं नाव आणि चढण्या-उतरण्याची गावं लिहा आणि पुष्टिपत्र जोडा.

चीनमध्ये उतरल्यावर द्यायचं आगमन कार्ड आता निघण्याआधी ऑनलाइनही भरता येतं. भरून ठेवा.

५. बोट आणि केबिन

बोटी ढोबळमानाने दोन जातींच्या. एक, मोठ्या क्रूझ बोटी: हॉटेलसारख्या, प्रत्येक केबिनला बाल्कनी, तिन्ही वेळचं जेवण भाड्यात. दुसऱ्या साध्या पर्यटक बोटी, देशी प्रवाशांसाठीच्या, केबिनचे दर्जे वेगवेगळे, स्वस्त. भाषा येत नसेल आणि सोबत ज्येष्ठ असतील तर दुसरीच्या नादी लागू नका. एकटे असाल, थोडी चिनी येत असेल, तर ती जास्त मजेची.

आरक्षण प्रवास ॲपवर, बोट कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा एजंटामार्फत होतं. पैसे भरण्याआधी या प्रश्नांची लेखी उत्तरं मागा:

- चढायचा धक्का नेमका कोणता? बदलला तर कोण, कोणत्या भाषेत कळवणार?
- उतरायचं कुठे: यिचांग शहरात की धरणाच्या वर? तिथून स्टेशनपर्यंत बस भाड्यात आहे का?
- कोणते थांबे भाड्यात आणि कोणते पैसे भरून?
- इंग्रजी बोलणारा वाटाड्या आहे का?
- वरच्या डेकवर आणि पुढच्या टोकाला सगळ्यांना प्रवेश आहे का, की त्याचे वेगळे पैसे?

चौथा प्रश्न क्षुल्लक समजू नका. इंग्रजी वाटाड्या नसेल तर तीन दिवस कर्ण्यावरून चिनी निवेदन ऐकावं लागतं. त्यात 'उद्या सकाळी सहा वाजता न्याहारी' हेही असतं.

केबिन वरच्या मजल्यावरची आणि मध्यभागातली घ्या. खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला इंजिनाची घरघर रात्रभर ऐकू येते. बोट लागण्याची भीती मात्र बाळगू नका. हा सगळा पट्टा धरणाच्या फुगवट्याचा, पाणी जवळजवळ तलावासारखं स्थिर. मांडव्याच्या लाँचमध्ये ज्यांचं पोट ढवळतं त्या आमच्या सासूबाईंना इथे काहीही झालं नाही.

६. निघण्याआधी फोनमध्ये काय हवं

यूपीआय इथे चालत नाही. रोख घेतात, पण सुट्टे नसतात आणि दुकानदार वैतागतो. अलीपे आणि वीचॅट दोन्ही घरूनच उतरवून घ्या, पासपोर्टची पडताळणी करा आणि आपलं आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं कार्ड जोडा. घरूनच, कारण बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे परदेशी कार्डावर वेगळं शुल्क लावत नाही; त्याहून मोठ्या व्यवहाराला ३ टक्के घेतं. बँकेचं शुल्क आणखी वेगळं. दोन वेगळ्या बँकांची कार्डं जोडलीत तर एक अडलं तरी दुसरं चालतं.

व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब तिथल्या वायफायवर उघडत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर त्यावर चालतात. म्हणून एकाने तरी रोमिंग घ्याच. घळींमध्ये रेंज जाते-येते, त्यामुळे भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा. नकाशासाठी तिथलं आमॅप वापरा.

आणि पॉवरबँक! चीनच्या देशांतर्गत विमानांत २०२५च्या जूनअखेरपासून '३सी' हा चिनी शिक्का नसलेली पॉवरबँक नेता येत नाही. आपल्याकडे घेतलेल्या बहुतेकांवर तो नसतो. शांघाय किंवा ग्वांगचौला उतरून देशांतर्गत विमानाने चोंगचिंगला जाणार असाल तर ती सुरक्षा तपासणीतच टाकून द्यावी लागेल.

७. धक्का गाठणं

आता मूळ दुखणं. चाओतिआनमेन हा काही एक धक्का नाही. च्यालिंग नदी जिथे यांगत्सेला मिळते त्या टोकावर ओळीने क्रमांकवार धक्के आहेत, आणि एका क्रमांकापासून दुसऱ्यापर्यंत जायचं तर चढ-उतार करत बराच वळसा पडतो. चोंगचिंग हे डोंगरावरचं शहर. नकाशावर दोनशे मीटर दिसतात ते उभे दोनशे मीटरही असू शकतात. मेट्रोची १ नंबरची लाइन चाओतिआनमेनलाच संपते, पण बॅगा असतील तर टॅक्सी करा आणि छापलेला कागद चालकाच्या हातात द्या.

बोट रात्री सुटते, पण चढायला दुपारपासून किंवा संध्याकाळपासून सुरुवात होते. त्या दिवशी असं करा:

सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बोटीचा नंबर द्या आणि त्यांना फोन करून धक्का विचारायला सांगा. पाच मिनिटांचं काम. आम्ही केलं नाही. दुपारी पुन्हा सगळे मेसेज भाषांतर ॲपमधून वाचा, जाहिरातीसुद्धा. सुटण्याच्या तीन तास आधी धक्क्यावर पोचा. चुकीच्या जागी पोचलात तरी सुधारायला वेळ उरतो.

फाटकासमोर आम्ही उभे असताना खांद्यावर बांबू घेतलेला एक म्हातारा आला. यांना 'बांगबांग' म्हणतात, चोंगचिंगचे हमाल. एकेकाळी हजारोंनी होते, आता थोडे उरलेत. त्याने छापलेल्या कागदावरचं बोटीचं नाव वाचलं, मान हलवली, बांबूच्या दोन टोकांना दोन-दोन बॅगा अडकवल्या आणि चालू पडला. आम्ही मागे. एका हाताने सासूबाईंना धरून, दुसऱ्या हातात कागदांची फाइल. तो वयाने जवळपास सासूबाईंएवढाच असेल, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी स्वतःची पिशवी काही त्याला दिली नाही. पैसे आधी ठरवायचे असतात, बोटांनी दाखवून. आम्ही ठरवले नव्हते, तरी त्याने वाजवीच घेतले.

शेवटची एक गंमत सांगून ठेवते. धक्क्यावर बोटी एकीला एक चिकटून लावतात. आपली बोट चौथी असेल तर आधीच्या तीन बोटींच्या दिवाणखान्यांतून चालत जावं लागतं. पहिल्या बोटीत शिरल्यावर 'आलो एकदाचे' म्हणून सोफ्यावर बसू नका.

८. बोटीवरचे दिवस

चढल्यावर काउंटरवर पासपोर्ट दाखवायचा, केबिनचं कार्ड घ्यायचं. त्याच संध्याकाळी जादा पैशांच्या सहलींची यादी घेऊन कुणीतरी येतं. लगेच हो म्हणू नका. यादीचा फोटो काढा, भाषांतर करा, उद्या सांगतो म्हणा.

खाली जाणाऱ्या बोटीचा क्रम साधारण असा असतो. बोटीनुसार थोडा फरक पडतो.

दुसरा दिवस: फंगदू किंवा शिबाओजाई. फंगदू ही 'भुतांची नगरी'. मेल्यावर जिवाचा न्याय कसा होतो ते दाखवणारी टेकडीवरची देवळं. यमदरबाराची चित्रं बघत मोठे झालेल्यांना इथे सगळं ओळखीचं वाटतं. पायऱ्या भरपूर. शिबाओजाई म्हणजे कड्याला टेकून उभा केलेला बारा मजली लाल लाकडी मनोरा. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्याच्या टेकडीभोवती भिंत बांधून तो वाचवला, आता ते बेटच झालंय. तिथे जायचा झुलता पूल हलतो आणि आतले जिने उभे आहेत. सासूबाई पुलाअलीकडे संत्री घेत बसल्या, आणि मला वाटतं त्यांचाच वेळ जास्त चांगला गेला.

तिसरा दिवस घळींचा. या दिवशी झोपून राहू नका. पहाटे बायदी नगरीचा थांबा असतो. तीन राज्यांच्या काळातला राजा ल्यू बेई इथेच इ.स. २२३ मध्ये वारला. ती पाहा किंवा सोडा, पण त्यानंतर लगेच येणाऱ्या छूथांग घळीसाठी डेकवर हजर राहा. घळ जेमतेम ८ किलोमीटरची, तिघींत सगळ्यात आखूड आणि सगळ्यात अरुंद. चहा संपेपर्यंत ती संपते. तिच्या तोंडाशी दोन कडे समोरासमोर उभे आहेत, ते १० युआनच्या नोटेवर छापलेले. नोट आधीच मिळवून ठेवा. सगळा व्यवहार मोबाइलवर, त्यामुळे ऐनवेळी कुणाच्या खिशात सापडत नाही. आमच्या डेकवर एकाच नोटेवर वीस जणांनी फोटो काढले.

मग वू घळ, सुमारे ४५ किलोमीटर, ढगाळ आणि शांत. देवीशिखर नावाचा प्रसिद्ध सुळका उत्तर तीरावर, म्हणजे खाली जाताना डाव्या हाताला लागतो. दुपारी छोट्या लाँचमध्ये बसवून उपनदीत नेतात: वूशानला दानिंग नदीतल्या 'छोट्या तीन घळी' किंवा बादोंगला शननोंग ओढा. ही सहल चुकवू नका. बसून करायची आहे, पायऱ्या कमी, आणि कडे इतके जवळ येतात की मान मोडून वर बघावं लागतं. कड्यांच्या कपारींत जुन्या काळी ठेवलेल्या लाकडी शवपेट्या दाखवतात. तेवढ्या उंचावर नेल्या कशा, यावर लाँचमध्ये बराच वाद झाला.

काठावर नवी, पांढरी, उंच शहरं दिसत राहतात. वूशान, फंगदू, बादोंग ही सगळी वर हलवलेली गावं. जुनी पाण्याखाली आहेत. या धरणासाठी सुमारे १३ लाख माणसं हलवली. वाटाड्या हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. उजनीच्या पाण्यातून उन्हाळ्यात पळसदेवच्या देवळाचं शिखर वर आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या एका वाक्याशी जरा थांबावंसं वाटेल.

९. जेवण

मी शाकाहारी. सासूबाई मूळच्या कुडाळच्या, त्यांना मासे चालतात, बाकी काही नाही. म्हणजे आमच्या टेबलावर दोन्ही अडचणी होत्या.

शाकाहारासाठी 'वो चृ सू' (मी शाकाहारी आहे) एवढं बोलून पुरत नाही. मांसाचे तुकडे बाजूला काढलेली भाजीही शाकाहारी मानली जाते. म्हणून चिनी अक्षरांत कार्ड छापून न्या: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, डुकराची चरबी नाही, मांसाचा रस्सा नाही, ऑइस्टर सॉस नाही. बोटीवर पहिल्याच संध्याकाळी ते मुख्य आचाऱ्याला दाखवा. बुफेमध्ये भात, वाफवलेले पाव, परतलेल्या पालेभाज्या, मका, रताळी, टोफू, फळं मिळतात. भूक मारावी लागत नाही.

चोंगचिंगच्या प्रसिद्ध हॉटपॉटपासून मात्र सावध. त्या लाल रश्श्याचा पाया गाईच्या चरबीचा असतो. आत फक्त भाज्या सोडल्या तरी तो शाकाहारी होत नाही. दोन कप्प्यांचं भांडं मागितलं तरी पांढरा रस्सा हाडांचा असू शकतो. अळंब्यांचा रस्सा, वेगळ्या भांड्यात, असं सांगा.

आणि जिभेला मुंग्या आल्या तर घाबरू नका. पहिल्या दिवशी दुधीसारख्या भाजीत काळपट टरफलं दिसली. सासूबाईंनी एक उचलून हुंगलं. "ह्यां तर तिरफळ गो!" अगदी तेच नाही, पण त्याच कुळातलं. बांगड्याच्या आमटीत आपण चार दाणे घालतो, हे लोक मूठभर घालतात. बाई त्या क्षणापासून जेवणाच्या बाबतीत निश्चिंत झाल्या. मासे त्यांना गोड्या पाण्याचे, काटेरी आणि वासाचे वाटले. यांगत्सेत मासेमारी दिसेल म्हणून त्या दोन दिवस कठड्याशी उभ्या होत्या, पण एकही होडी दिसली नाही. २०२१पासून या नदीत दहा वर्षांची मासेमारीबंदी आहे. ताटातला मासा तळ्यातला.

घरून चिवडा, चकली, पाकिटातले उपमा-पोहे न्या. उकळतं पाणी बोटीवर, स्टेशनवर, गाडीत, सगळीकडे फुकट मिळतं. ताजी फळं, भाज्या आणि दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका. ते विमानतळावर काढून घेतात. पेढेसुद्धा.

१०. धरण, आणि नेमकं कुठे उतरायचं

सानशिया धरणाची क्षमता २२,५०० मेगावॉट. आपल्या कोयनेची १,९६०. हा आकडा ऐकूनही भिंत समोर येईपर्यंत अंदाज येत नाही, आणि समोर आली की धुकं असतं. आम्हाला अर्धीच दिसली.

बोटीला धरण ओलांडायचे दोन मार्ग आहेत. एक, पाच पायऱ्यांचं लॉक. प्रत्येक पायरी म्हणजे २८० मीटर लांब, ३४ मीटर रुंद हौद. बोटी आत घेतात, मागचं दार लावतात, पाणी सोडतात, बोटी खाली बसतात, मग पुढचं दार. सगळं मिळून तीन-चार तास. दुसरा, २०१६ पासून चालू झालेली बोटींची लिफ्ट. पाण्याच्या टाकीसकट बोट उचलते, जास्तीत जास्त ११३ मीटर, ३,००० टनांपर्यंत. मोठ्या क्रूझ बोटी तिच्यात मावत नाहीत, म्हणून लिफ्टचा अनुभव बऱ्याचदा छोट्या बोटीत बसवून, वेगळे पैसे घेऊन देतात. पैसे वाचवायचे असतील तर बायदी सोडा, लिफ्ट घ्या.

'धरण ओलांडणार' असं जाहिरातीत असलं तरी लॉकवर मालवाहू बोटींची रांग मोठी असते. अनेक प्रवासी बोटी धरण ओलांडतच नाहीत. त्या वरच्या अंगाला माओफिंगला उतरवतात आणि तिथून बसने धरण दाखवून यिचांगला सोडतात, तासाभराचा रस्ता. तक्रार करायचं कारण नाही, पण आधी माहीत हवं. धरणाच्या आवारात तपासणी असते, पासपोर्ट बॅगेत टाकून ती बसच्या डिकीत भरू नका. तो खिशातच ठेवा.

११. यिचांगहून पुढे

बोट सकाळी लागते, धरण बघून स्टेशनला पोचेपर्यंत दुपार होते. धुकं असेल तर संध्याकाळसुद्धा. चारच्या आधीची गाडी घेऊ नका. तिकिटं रेल्वेच्या १२३०६ या ॲपवर किंवा प्रवास ॲपवर, साधारण १५ दिवस आधी खुली होतात. स्टेशनचं नाव नीट बघा. वेगवान गाड्या बहुतेक यिचांग पूर्व स्टेशनवरून सुटतात, साध्या यिचांग स्टेशनवरून नव्हे. वुहानला साधारण दोन तास, शांघायला दिवसाचा मोठा भाग जातो. पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकाने पासपोर्ट वाचला नाही तर कडेला माणूस उभा असतो, सरळ त्याच्याकडे जा.

आमची गाडी साडेपाचची होती आणि आम्ही पावणेचारला फलाटाच्या वरच्या दिवाणखान्यात होतो. नवऱ्याने पाकिटातले पोहे काढले, मी गरम पाणी आणलं, आणि सासूबाई पर्समधून टिशूत बांधलेली पुडी काढून उलगडू लागल्या. बोटीवरच्या आचाऱ्याकडून त्यांनी खुणांनी मागून घेतलेली मूठभर तिरफळं.